हनुवटीचा टाका

माझ्या आजाराची हकिगत माझ्याआधी इतरांनीच सांगून टाकली आहे. जळगावात माझा मुलगा सांगतो ती निराळी, शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात सांगतात ती निराळी, आणि आमच्या सौ. फोनवर आपल्या बहिणींना जी सांगतात ती ऐकताना तर मलाच माझी दया येते. या तिन्ही हकिगतींत मी आहे. पण तो मी नव्हे. श्वास माझा अडकला होता आणि गळा माझा कापला गेला, तेव्हा याविषयी बोलण्याचा पहिला हक्क माझा आहे.

लिहिण्याचे दुसरे कारण असे, की व्हेंटिलेटरवरून सुखरूप घरी आलेल्या माणसाला काही आठवड्यांनी श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर त्याने काय समजावे हे मला कुणी सांगितले नव्हते. ते कुणाला तरी वेळेवर कळावे. बाकी माझी भांडणे ज्यांना नकोत त्यांनी ती सोडून वाचावे.

नळी मी ओढली नाही

माझी सारी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, बॉयलरच्या देखभालीत गेली. निवृत्तीनंतर आम्ही दोघे जळगावला प्रवीणकडे, म्हणजे मुलाकडे राहू लागलो. गेल्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला आणि तो इतका वाढला, की जळगावच्या एका रुग्णालयात घशात नळी घालून मला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी मला जगवले, हे मी आधीच नोंदवतो. पुढे जे लिहिणार आहे त्यामुळे ते पुसले जाऊ नये.

त्या दिवसांतले मला फार थोडे आठवते. छतावरचा पाण्याचा डाग आठवतो. यंत्र माझ्यासाठी श्वास घेत असे आणि तो माझ्या लयीशी जुळत नसे, ते आठवते. आणि दोन्ही मनगटे पट्टीने खाटेच्या दांड्यांना बांधलेली होती, हे पक्के आठवते. असे असताना प्रवीणने साऱ्या नातेवाइकांत पसरवले, की "आबांनी नळी स्वतःच ओढली, म्हणून गळ्याला इजा झाली." बांधलेल्या हातांनी मी ती कशी ओढली, एवढा एकच प्रश्न मी त्याला आजवर अनेकदा विचारला आहे. तो म्हणतो, "आबा, तुमचा स्वभाव मला माहीत आहे." हा पुरावा नव्हे.

शिट्टी

घरी आल्यावर प्रकृती सुधारली. भाकरी जाऊ लागली, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागलो. मग एके दिवशी जिना चढताना घशातून बारीक आवाज आला. मी थांबलो, तोही थांबला. पुन्हा पायरी चढलो, पुन्हा आला.

बॉयलरमधल्या नळ्यांपैकी एखादी गळू लागली की ती दिसण्याआधी ऐकू येते. आमच्या विभागातला प्रत्येक जण बोलता बोलता एकदम गप्प होऊन कान टवकारीत असे, आणि तो आवाज ओळखला की बॉयलर बंद करायला धावत असे. कारण आत किती बिघडले आहे हे बाहेरून कळत नसते. तोच आवाज आता माझ्या गळ्यात होता. फरक एवढाच, की हा बॉयलर बंद करून आत माणूस पाठवता येत नव्हता.

जळगावच्या डॉक्टरांनी दमा ठरवला आणि तोंडात ओढायचा पंप दिला. प्रवीणलाही दमाच वाटला. सौ.ना वाटले, थंड पाण्याने घसा धरला आहे. मला वाटले, जुना कफ कुठेतरी चिकटून बसला आहे, तो सुटेल. आम्ही चौघेही चुकलो होतो, आणि आपापल्या मतावर ठाम होतो. पंप ओढूनही शिट्टी वाढतच गेली. पुढे तर बसल्या जागीही ऐकू येऊ लागली. मी आडवा होणे सोडले. खुर्चीत उशी घेऊन, पुढे झुकून डोळे मिटत असे आणि श्वास अडकला की दचकून जागा होत असे. त्या दिवसांत मला मृत्यूचे भय नव्हते असे मी लोकांना सांगतो. इथे खरे लिहितो: मृत्यूचे नव्हते, पण हवेने भरलेल्या खोलीत हवा न मिळण्याचे होते, आणि ते त्याहून वाईट असते.

सौ.चे माहेर धुळ्याचे. त्यांच्या भावाने तिथल्या एका घशाच्या डॉक्टरीणबाईंचे नाव सुचवले, म्हणून आम्ही मोटारीने निघालो. पारोळा मागे पडल्यावर मला एक ठसका लागला आणि त्यानंतर श्वास आत जाईना. छाती ओढत होती, काही येत नव्हते. प्रवीणने गाडी बाजूला घेतली, काचा उघडल्या. बाहेर नुसता गरम वारा सुटला होता, आणि माझ्या वाट्याला त्यातला घोटभरही येत नव्हता. सौ.नी माझी पाठ धरली आणि त्या ओरडल्या, "अहो, भांडा की! एरवी सगळ्यांशी भांडता, आता भांडा!" कफाचा गोळा सुटला आणि चिमूटभर हवा आत गेली. प्रवीण स्टिअरिंगवर डोके टेकवून बसला होता. त्याला रडताना मी प्रथमच पाहिले. तो हे नाकारतो. पण पाहणारा मी होतो.

निकाल

डॉक्टरीणबाईंनी छातीला स्टेथोस्कोपची नळी लावून ऐकले, आणि मग तीच नळी माझ्या कंठाखाली टेकवली. बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "आबा, आवाज छातीत नाही. गळ्यात आहे. हा दमा नव्हे."

त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर माझी श्वासनलिका दाखवली. एका ठिकाणी ती चहूबाजूंनी पांढुरकी होऊन आवळली होती. जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट उरली होती. त्या वाटेने मी जगत होतो.

"हे कशाने झाले?" मी विचारले.

"ज्या नळीने तुम्हाला जगवले, तिच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. तो आतून दाबून राहिला की कधी कधी जखम होते. जखम भरताना आवळत जाते."

"म्हणजे मी नळी ओढली म्हणून नव्हे?"

"नाही."

मी प्रवीणकडे वळलो. "ऐकलेस?"

"आबा, आत्ता हे महत्त्वाचे आहे का?"

"माझ्यासाठी आहे."

निकाल माझ्या बाजूने लागला होता, आणि शिट्टी होती तिथेच होती. जिंकून इतके हताश मला पूर्वी कधी वाटले नव्हते.

आधी त्यांनी मला भूल देऊन फुग्यानेच ती वाट रुंद केली. फुग्याने केलेले फुग्यानेच निस्तरायचे, याचे मला हसू आले. काही आठवडे सुखाचे गेले. मी पुन्हा आडवा झोपलो. त्या सुखाबद्दल लोक बोलत नाहीत, कारण त्यांना ते रोज मिळते. त्या काळात मी जळगावच्या रुग्णालयाला द्यायची एक नोटीसही प्रवीणला सांगायला घेतली. तिसऱ्या वाक्याला श्वास संपला. शिट्टी परत आली होती. प्रवीणने कागद घडी करून ठेवला आणि तो म्हणाला, "आधी श्वास, मग भांडण." नोटीस द्यावी की नाही, याबद्दल आमचे अजून एकमत नाही.

जोड

आता एकच मार्ग उरला होता: आवळलेला तुकडा कापून काढायचा. धुळ्यातच हे ऑपरेशन करणारे एक तरुण सर्जन होते. मी त्यांना विचारले, "कापलेल्या जागी नवा तुकडा कोणता घालणार?" आमच्याकडे खराब नळी कापली की नवी घालून दोन्ही बाजूंनी वेल्डिंग करीत.

"नवा तुकडा नाही, आबा. तुमचीच वरची आणि खालची टोके ओढून एकमेकांना शिवायची."

"मग जोडावर ताण येणार."

"येणार. म्हणून मान पुढे वाकवून ठेवायची. हनुवटीखालची कातडी आणि छातीवरची कातडी जाड दोऱ्याने बांधून टाकतो. चुकून मान वर गेली तर दोरा अडवतो. आठवडाभर."

सौ. हसल्या. कित्येक महिन्यांनी हसल्या. "डॉक्टर, यांची मान? ही देवापुढेसुद्धा खाली जात नाही!"

सर्जनही हसले. मग त्यांनी धोके सांगितले. जोड सुटू शकतो. सुटला तर गळ्याला भोक पाडून त्यातून श्वास घ्यावा लागेल, कदाचित कायमचा. आवाजाच्या नसा अगदी जवळून जातात. आवाज जाऊ शकतो. हे ऐकून प्रवीणने माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली. आवाजावाचून मी म्हणजे काय, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते.

मी आयुष्यभर जोड पाहिले आहेत. प्रत्येक नव्या जोडावर नेहमीपेक्षा अधिक दाब देऊन तो तपासल्याखेरीज आम्ही बॉयलर पेटवला नाही. आणि तपासताना फुटलेलेही मी पाहिले आहेत. हे ज्ञान त्यावेळी नसते तर बरे झाले असते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मला वाटले, आपल्या आवाजात शेवटचे काहीतरी चांगले बोलून ठेवावे. पण सुचेना. वॉर्डातल्या मावशींना "चहात साखर नाही" असे म्हणालो, ते तेवढे खणखणीत आठवते.

पायांचे जग

शुद्धीवर आलो तेव्हा पहिली गोष्ट ही कळली, की श्वास आवाज न करता येत-जात आहे. दुसरी ही, की मला माझ्या मांड्या आणि समोरची जमीन यांपलीकडे काही दिसत नाही.

बोलण्यास मनाई होती, पाटी आणि खडू दिले होते. हनुवटी छातीला बांधलेली. गळ्यापासून छातीपर्यंत पट्टी असल्याने तो दोरा बाहेरून दिसत नसे. नुसता एक म्हातारा मान खाली घालून बसलेला दिसे. माणसे मला चेहऱ्याने भेटेनाशी झाली, पायांनी भेटू लागली. सर्जनचे करकरणारे बूट, सिस्टरांचे पांढरे सँडल, प्रवीणचे मोजे, सौ.ची जोडवी. कोण घाबरले आहे हे पायांवरून कळते, हे मला तिथे समजले. चेहरा धीट ठेवता येतो. पाय ठेवता येत नाहीत.

सर्वांत मोठे भय खोकल्याचे. छातीत कफ साठू नये म्हणून सिस्टर दिवसातून कितीदा तरी म्हणत, "आबा, खोका." मी पाटीवर लिही: 'जोड.' त्या म्हणत, "जोड टिकेल. कफ साठला तर टिकणार नाही. खोका." प्रत्येक खोकला म्हणजे माझ्या जोडावरची दाबाची परीक्षा होती. छातीवर उशी घट्ट धरून मी खोकत असे आणि मग पट्टीवरून हळूच बोट फिरवून पाहत असे, कातडीखाली हवा फुटली की काय. त्या सिस्टर प्रत्येक वेळी स्वतःही बोट फिरवून पाहत आणि "हवा नाही, आबा" म्हणत. त्यांचे उपकार मी मानतो.

नाना

आता त्या हकिगतीकडे येतो, जी गावात सर्वाधिक रंगवून सांगतात.

नाना माझा धाकटा भाऊ, गावी शेती पाहतो. त्याच्या मुलीच्या लग्नात टॉवेल-टोपीचा पहिला मान थोरला काका म्हणून माझा होता. तो गावच्या एका पुढाऱ्याला दिला गेला आणि माझे नाव त्याच्यामागून पुकारले. मी मांडवातून न जेवता उठलो. तेव्हापासून आमचे बोलणे नव्हते. माझा मान चुकला होता, हे मी आजही म्हणतो.

आठवड्याच्या मधल्या एका दुपारी माझ्या नजरेच्या टापूत एक अनोळखी जोडी आली. टाचांना भेगा, चपलांवर काळ्या मातीचे वाळलेले पोपडे, उजव्या चपलेचा अंगठा तुटून तारेने बांधलेला. ती पावले दाराशीच थबकली.

"भाऊ."

तो आवाज नानाचा होता. त्याला कुणी कळवले हे मला अजून सांगितलेले नाही. माझा संशय सौ.वर आहे. तो म्हणे दारापर्यंत भांडणाच्या तयारीने आला होता. आणि समोर काय, तर कुणापुढेही न वाकणारा थोरला भाऊ त्याला पाहून मान खाली घालून बसलेला, आणि मान वर करीत नाही.

"भाऊ, मान कसाले खाले घालस?" पावले जवळ आली.

मी पाटी ओढली, खडू घेतला आणि 'टा' एवढे अक्षर काढले. त्याचा पंजा पाटीवर आडवा पडला.

"लिखू नको, भाऊ. माले काही वाचानं नही. तू मोठा शेस. तू मनापुढे मान घालस, आते आखो काय ऱ्हायनं? बठ्ठं मिटनं."

माझ्यापुढे मान घातलीस, सगळे मिटले, असे म्हणत तो माझ्या पायांशी वाकला. मला त्याचा चेहरा दिसला नाही, फक्त टाळू दिसली. पूर्ण पांढरी. ती कधी पांढरी झाली हे मला ठाऊक नव्हते.

खाटेच्या कडेला सौ.ची जोडवी होती. त्यांना सर्व माहीत होते. 'भावजी, तो टाका आहे,' एवढे एक वाक्य पुरे होते. जोडवी हलली नाहीत. नाना गेल्यावर मी रागाने लिहिले: 'का सांगितले नाहीस?'

"तुम्ही बरे व्हा," सौ. म्हणाल्या, "आणि तुमच्या तोंडाने तुम्हीच सांगा."

त्या असेही सांगतात, की त्यावेळी मी रडलो. मान खाली बांधलेली असली की डोळ्यांतले पाणी गालांवर न उतरता सरळ पाटीवर पडते आणि सगळ्यांना दिसते. एवढेच मी मान्य करतो.

दोरा कापल्यावर

आठवडा संपल्यावर सर्जननी दोरा कापला. कात्रीचा बारीक आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"आबा, जोड उत्तम आहे. आता मान हळूहळू सरळ करा. मागे मात्र टाकायची नाही. हळू आवाजात बोललात तरी चालेल."

मान वर झाली नाही.

दोरा होता तोवर जबाबदारी दोऱ्याची होती. आता ती माझी होती. मी मान बोटभर उचलली असेन, तोच आत काहीतरी ओढले गेल्यासारखे वाटले आणि मी ती पुन्हा खाली आणली. ओठांवर शब्द आले, पण आवाज निघाला नाही तर काय, या भीतीने तेही उच्चारले नाहीत. सर्जन म्हणाले, ओढ वाटणारच. सिस्टर थट्टेने म्हणाल्या, "आबा, आता कुणाला नमस्कार चाललाय?" प्रवीण काकुळतीला आला. मी मान खाली घालून बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही.

त्या दुसऱ्या दिवशी तारेने बांधलेली चप्पल पुन्हा आली. सिस्टर नानाला सहज म्हणाल्या, "काका, आबांना सांगा, मान वर करा. हनुवटीचा टाका कालच काढला."

"कोनता टाका?"

त्यांनी समजावून सांगितले. मी ऐकत होतो. मनात म्हटले, बरे झाले, आता तरी सत्य बाहेर आले. ती मान दोऱ्याने खाली होती, नानासमोर नव्हे.

नाना खाटेजवळ आला. मग म्हणाला, "काल दोरा काढा, अन् मान आजबी खालेच शे. मंग दोरानं नाव कसाले?"

मी आयुष्यात पुष्कळ वाद घातले, पण इतका बिनतोड मुद्दा माझ्यापुढे कुणी टाकला नव्हता. त्याला उत्तर एकच होते: मी घाबरलो आहे. ते देण्यापेक्षा मान उचलणे सोपे वाटले.

मी ती उचलली. अतिशय हळू. आधी त्याचे गुडघे आले, मग मातीने काळवंडलेली नखे, शर्टाचे न जुळलेले बटण, वाढलेली पांढरी दाढी. प्रत्येक ठिकाणी मी थांबलो आणि श्वास घेऊन पाहिला. श्वास येत होता. शिट्टी नव्हती. आत ओढ बसत होती, पण सुटत काही नव्हते. शेवटी नानाचा चेहरा आला. आमचे वडील त्यांच्या अखेरच्या वर्षांत जसे दिसत, तसा तो दिसत होता.

आता बोलायचे होते. वाक्य तयार होते, प्रमाण मराठीत, नाना येऊन गेल्यापासून घडवलेले: 'त्या दिवशी माझी मान वैद्यकीय कारणाने खाली होती.' तोंड उघडले आणि घोगरा, फाटका, पण माझाच आवाज बाहेर आला. दीपनगरच्या वसाहतीत राहायला गेल्यापासून जी गावची बोली मी घराबाहेर ठेवली होती, त्या बोलीत.

"नाना, तुना चप्पलना अंगठा तुटेल शे."

"दखस मी," बघतो मी, असे म्हणून तो तोंड वळवून खिडकीबाहेर पाहू लागला.

नोंद

त्यानंतर मी जळगावला परतलो. मान आता सरळ राहते, वर आभाळाकडे मात्र पूर्वीसारखी जात नाही. आवाज घोगरा आहे, पण पुरतो. तपासणीसाठी अधूनमधून दुर्बीण घालून घ्यावी लागते आणि दर वेळी धुळ्याच्या वाटेवर पारोळा आला की मी गाडीच्या काचा उघडायला लावतो. ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांनी घशातला आवाज दम्यावर सोडून देऊ नये. आत पाहायला सांगावे. आणि दोरा कापल्यावर मान वर होत नसेल तर स्वतःला भेकड म्हणू नये. इतरांनी काहीही म्हटले तरी.

गावात आता असे सांगतात, की भाऊंची मान टाक्याने खाली गेली होती हे खरे, पण टाका काढल्यावरही ती खालीच राहिली, म्हणजे भाऊ नमले. हे साफ चूक आहे. मी नमलो नव्हतो. मी घाबरलो होतो. दोन्हींत फरक आहे, आणि तो नोंदवून ठेवण्यासाठीच हे सारे लिहिले.

नाना फोनवर विचारतो, "फरक काय शे, भाऊ?" दर वेळी विचारतो. आणि त्याला सविस्तर उत्तर देता येईल एवढा श्वास आता माझ्याजवळ आहे.